आईला शॉक ट्रीटमेंट द्यायची का? यावलच्या एका मुलाला सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला दिसेल. आई ५८ वर्षांच्या. पोळ्याच्या सुमारास झोप उडाली, मग जेवण सुटलं, मग बोलणं. आता विचारलं तर एवढंच सांगतात की घर भिकेला लागलं, माझी आतडी सडली, घास खाली उतरत नाही. केळीचे पैसे खात्यात जमा आहेत, पासबुक समोर धरलं तरी पटत नाही. दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेसे दिवस देऊन झाल्या, फरक नाही. मागच्या पंधरवड्यात पहाटे मळ्यातल्या विहिरीकडे निघाल्या होत्या, सालदारानं परत आणलं. जळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांनी सहा ते आठ शॉक सुचवलेत. मामांचं म्हणणं, शॉक घेतलेला माणूस कायमचा कामातून जातो. म्हणून तुम्ही विचारताय, इलेक्ट्रोशॉक म्हणजे नेमकं काय आणि आईला देऊ का.

पुढचं वाचण्याआधी एक काम उरकून घ्या. घरात किंवा मळ्यातल्या खोलीत फवारणीची औषधं असतील तर ती आजच दुसरीकडे हलवा आणि आईंजवळ रात्रंदिवस कुणीतरी राहील अशी पाळी लावा. ‘सालदार लक्ष ठेवतो’ एवढ्यावर भागणार नाही. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि पुन्हा तसं काही घडलं तर फोनच्या भानगडीत न पडता सरळ दवाखाना गाठायचा.

आता मुद्द्यावर येतो. मी खान्देशातच मानसोपचार करतो आणि ही ट्रीटमेंट वर्षानुवर्षं देत आलोय. तुमच्यासारखी माणसं समोर बसतात तेव्हा त्यांना शॉक चांगला की वाईट याचा निकाल हवा असतो. तसा निकाल देता येत नाही. आईंच्या आजच्या अवस्थेत अजून किती थांबणं परवडेल, आणि जिथं देणार तिथं नीट देतात का, एवढंच ठरवता येतं. मामांची भीती खोटी नाही. ती एका जुन्या काळाबद्दलची आहे. तिच्याकडे वळतो, पण आधी हा शब्द जरा सोडवून घेऊ, कारण अर्धा घोळ तिथंच आहे.

आपल्याकडे ‘शॉक’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबला आणि माणूस चिकटला. किंवा रानडुकरं, नीलगायी येऊ नयेत म्हणून बांधाला लावलेलं झटका मशीन. आयसीयूच्या दारात डॉक्टर सांगतात, ‘पेशंट शॉकमध्ये गेलाय’; तिथं विजेचा काही संबंध नसतो, रक्तदाब धोकादायक खाली आलेला असतो. हृदयाची लय बिघडली की छातीवर दोन पट्ट्या ठेवून देतात तो डीसी शॉक आणखी वेगळा. फिजिओथेरपीत गुडघ्याला, कमरेला ‘करंट’ लावतात, तो तर नुसता गुदगुल्या करणारा. या सगळ्यांना एकच शब्द. एका आजींच्या घरच्यांनी गुडघ्याच्या करंटला सुद्धा नकार दिलेला मी पाहिलाय, कारण ‘करंट दिला की मेमरी जाते’ असं कुणीतरी सांगितलं होतं.

तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय त्याचं वैद्यकीय नाव इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे ईसीटी. नावातला मधला भाग आकडीचा आहे, आणि तोच महत्त्वाचा. यात वीज ही फक्त आकडी आणण्याचं साधन असते. काम करते ती मेंदूतली आकडी, तीही भुलीखाली, मोजून-मापून आणलेली. हे कशावरून? ब्रिटनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत तपासण्या झाल्या, त्यात काही रुग्णांना फक्त भूल दिली, वीज दिलीच नाही. रुग्णाला आपण कुठल्या गटात आहोत ते ठाऊक नव्हतं. खरी ईसीटी मिळालेल्या गटाचं नैराश्य जास्त उतरलं.

ही कल्पना आली कुठून तेही थोडक्यात सांगतो, कारण मामांच्या भीतीचं मूळ तिथं आहे. बुडापेस्टमध्ये लाडिस्लाउस मेडुना नावाच्या डॉक्टरांनी १९३४ मध्ये कापराची सुई देऊन आकडी आणायला सुरुवात केली, पुढे कार्डियाझॉल नावाचं औषध वापरलं. गंभीर मानसिक आजाराचे काही रुग्ण त्यानं खरंच सुधारले, पण सुई दिल्यापासून आकडी येईपर्यंतच्या क्षणांत रुग्णाला मृत्यूसमान भीती वाटायची आणि पुन्हा सुई घ्यायला तो तयार होत नसे. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी १९३८ मध्ये तेच काम विजेनं केलं; वीज लागताच शुद्ध हरपते, त्यामुळे ती भीती टळली. इटालियनमध्ये त्यांनी याला एलेत्रोशॉक म्हटलं आणि ते नाव जगभर चिकटलं.

तेव्हा भूल मात्र नव्हती. जागेपणी दिलेली आकडी, अंगाला जोराचे हिसके, चारजणांनी धरून ठेवलेलं, कुणाचा दात पडायचा, कुणाच्या मणक्याला चीर जायची. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलिन १९५० च्या दशकात वापरात आलं आणि हिसके थांबले. पण आपल्या देशात कितीतरी ठिकाणी पुढची कित्येक वर्षं भुलीविना शॉक दिले गेले, कारण भूलतज्ज्ञ मिळत नसे किंवा तेवढा खर्च नको असे. मामांनी कुणाचा तरी तसा शॉक पाहिला किंवा ऐकला असणार. त्यांना वेड्यात काढू नका.

आता ते बेकायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९५ व्या कलमानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी द्यायला बंदी घातली. त्याच कलमात माणसाला साखळदंडानं बांधायलाही बंदी आहे, हे जाता जाता सांगतो. काही देवस्थानांच्या आवारात अजून ते चालतं म्हणून ऐकायला मिळतं. १८ वर्षांखालच्या मुलांना ईसीटी देता येत नाही. फारच गरज पडली तर पालकांची संमती आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आधी घेतलेली परवानगी लागते. आणि तातडीच्या उपचारांच्या नावाखाली ईसीटी देताच येत नाही. दारात गाडी थांबली आणि लगेच शॉक, असं कुणी करत असेल तर तिथून उठा.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण घरच्यांना दार बंद झाल्यावरचंच काही ठाऊक नसतं. सकाळची वेळ असते. आई रात्रीपासून उपाशी, पाणीसुद्धा भूलतज्ज्ञ सांगतील तेवढ्याच वेळेपर्यंत. कवळी असेल तर काढून ठेवतात, नेलपॉलिश असेल तर पुसतात, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. शिरेत सुई. पहिलं औषध लाळ कमी करायला आणि हृदयाचे ठोके फार उतरू नयेत म्हणून. मग थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल, त्यानं मिनिटभरात झोप. झोप लागली की एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा फुगवतात, मगच स्नायू सैल करणारं औषध सोडतात. पट्टा बांधलेल्या पावलात ते औषध पोचत नाही. दातांमध्ये रबरी गुटका ठेवतात, तोंडावर मास्क लावून भूलतज्ज्ञ ऑक्सिजन देत राहतात. दोन्ही कानशिलांवर, कधी फक्त उजव्या बाजूला, जेली लावलेली इलेक्ट्रोड. बटण दाबलं की काही सेकंदांत वीज बंद. जबडा एकदा आवळतो, पापण्या थरथरतात, आणि पट्टा बांधलेलं ते एकच पाऊल लयीत हलत राहतं. सगळी आकडी बघायची असते ती त्या पावलात. आम्ही घड्याळाकडे आणि त्या अंगठ्याकडे बघत असतो. मेंदूचा आलेख देणारं मशीन असेल तर त्याकडेही. साधारण २० ते ६० सेकंदांत ते थांबतं. पाच-दहा मिनिटांत आई स्वतः श्वास घ्यायला लागतात, अर्ध्या-पाऊण तासात उठून बसतात, आणि बहुतेकजण पहिलं हेच विचारतात की ‘झालं का? कधी देणार?’

आमच्याकडे एका बाईंचा मुलगा दाराबाहेर उभा राहून दर दोन मिनिटांनी नर्सला विचारायचा, ‘मायले करंट देतस का?’ नर्स म्हणाली, ‘भाऊ, कधीच झालं, ती बघा उठली.’ त्याचा विश्वास बसेना. त्याला आरडाओरडा ऐकू येण्याची अपेक्षा होती.

विजेचं प्रमाण किती, हेही बरेचजण विचारतात, आणि मोटारीची वायर हाताळणारा माणूस विचारणारच. मशीन साधारण ८०० ते ९०० मिलिअँपिअरची बारीक बारीक स्पंदनं सोडतं, एकेक स्पंदन मिलिसेकंदाच्या आसपासचं, आणि सगळी मिळून फार तर आठ सेकंद. आकडा ऐकून दचकू नका. घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो हे खरं, कारण तिथं वीज हातातून शिरून छातीतून पायाला जाते आणि वाटेत हृदय लागतं. इथं दोन्ही टोकं डोक्यावरच असतात, छाती त्या वाटेत येतच नाही, आणि बराचसा प्रवाह कातडी आणि कवटीतच विरतो. विजेनं हृदय बंद पडेल ही भीती यात नसते. आकडीच्या वेळी नाडी आणि रक्तदाब थोडा वेळ चढतात, तो ताण हृदयाला झेपेल का एवढं बघावं लागतं.

आता आईंकडे. मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्या लिहिण्यावरून. खचलेलं मन, खाणंपिणं सुटलेलं, आणि त्यात भिकेला लागल्याचा, आतडी सडल्याचा पक्का भ्रम, हे साधं नैराश्य नाही. भ्रमासहित तीव्र नैराश्य आहे, आणि नेमकं याच प्रकारात ईसीटी सर्वांत चांगली लागू पडते. तीव्र नैराश्यात सरसकट दहातल्या सहा ते आठ जणांना चांगला फरक पडतो. भ्रम असेल, वय जास्त असेल, तर शक्यता वाढते. दुसरा असाच आजार कॅटाटोनिया, त्यात माणूस पुतळ्यासारखा बसून राहतो, तोंडात घास धरून ठेवतो. त्यात आधी लोराझेपाम नावाचं औषध देऊन बघतात, नाही उतरलं तर ईसीटी.

औषधं बदलून बघायचा मार्ग उरलाय का? उरलाय. नैराश्याच्या गोळीबरोबर भ्रमावरचं औषध जोडून, किंवा लिथियम देऊन बघता येतं. पण गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आई जेवत असत्या, पाणी पीत असत्या आणि विहिरीकडे गेल्या नसत्या, तर मीही म्हटलं असतं की बघू या. आत्ता तसं नाही. अंगात पाणी कमी पडून किडनीवर ताण येतो, अंथरुणात पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि विहिरीचा धोका तर रोजचा. ईसीटीत बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फरक दिसतो, कधी कधी तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच बाई चहा मागते. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलंय ते मला वावगं वाटत नाही. तुमच्या जागी मी फार दिवस काढले नसते.

पण ती द्यायच्या आधी काही गोष्टी बघून झाल्यात का ते विचारा. पन्नाशीनंतर पहिल्यांदा असं झालं असेल तर थायरॉइड, रक्तातली साखर, सोडियम, बी-१२ बघायला हवं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं, आणि उतरलेल्या सोडियमचा माणूस सुस्त, गोंधळलेला दिसतो. ते आजारात खपून जातं. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याचा संशय असेल तर आधी स्कॅन. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला असेल तर थांबावं लागतं, किंवा मोठ्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत करावं लागतं. बीपी, शुगर, दमा यांनी ईसीटी अडत नाही, फक्त आधी ताब्यात आणावं लागतं. झोपेच्या गोळ्या आणि आकडीवरची औषधं चालू असतील तर सांगा, त्यानं आकडी नीट येत नाही.

आणि आपल्या भागात हमखास राहून जाणारी एक गोष्ट. स्नायू सैल करणारं ते औषध शरीरातलं एक विकर (एन्झाइम) काही मिनिटांत मोडून टाकतं, म्हणून माणूस लवकर श्वास घ्यायला लागतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं नेमकं तेच विकर बंद पाडतात. म्हणजे गेल्या काही आठवड्यांत आईंच्या पोटात फवारणीचं औषध गेलं असेल, चुकून किंवा मुद्दाम, किंवा फवारणी करताना अंगावर बरंच उडालं असेल, तर ते औषध कितीतरी जास्त वेळ अंमल करतं आणि तेवढा वेळ श्वास यंत्रानं द्यावा लागतो. घरची माणसं लाजेखातर हे लपवतात. भूलतज्ज्ञांपासून लपवू नका, पोलीस केसच्या भीतीनंही नाही. मानसिक ताणाखाली जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून त्या माणसाला शिक्षा करायची नाही, असंच २०१७ च्या कायद्यानं ठरवलंय. घरात कुणाला पूर्वी भुलीनंतर श्वास यायला फार वेळ लागला असेल तर तेही सांगा, काहींच्यात ते विकर जन्मतःच कमी असतं.

मेमरीचं काय? इथं मी गोड बोलणार नाही. ईसीटी चालू असण्याच्या आठवड्यांत विसरायला होतंच. सकाळी कोण भेटायला आलं, काल काय जेवलो, हे जातं. नवं लक्षात ठेवायची ताकद बहुतेकांची कोर्स संपल्यावर दोनेक आठवड्यांत परत येते. पण आजाराच्या काळातल्या आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांतल्या काही आठवणी पुसट होऊ शकतात, आणि काहीजणांच्या त्यातल्या थोड्या कायमच्या जातात. एखादं लग्न, एखादा प्रवास आठवत नाही, फोटो दाखवला तर ‘हो, असेल’ म्हणतात. लेकरांची नावं, स्वयंपाक, बँकेतली सही, देवाचे अभंग हे जात नाही. उजव्या बाजूची ईसीटी आठवणींना जास्त सांभाळते, दोन्ही बाजूंची जरा लवकर काम करते. आईंच्या बाबतीत घाई आहे, म्हणून दोन्ही बाजूंची निवडतील असं वाटतं, पण विचारा जरूर. एक घरगुती सल्ला: कोर्स चालू असताना आणि नंतरचा महिनाभर आईंकडून जमिनीचा, सोन्याचा कुठलाही व्यवहार, सही-अंगठा करून घेऊ नका. पुढे भाऊबंदकीत ‘तेव्हा तिला शुद्ध नव्हती’ हे निघतंच.

हेही लक्षात असू द्या की तीव्र नैराश्यातच स्मरण बिघडलेलं असतं. मी कोर्सच्या आधी वार, महिना, मागच्या आठवड्यातल्या दोन गोष्टी विचारून लिहून ठेवतो. पुष्कळदा कोर्सच्या शेवटी त्याच बाई जास्त नीट उत्तरं देतात. बाकी त्रास किरकोळ: डोकं दुखणं, जबडा दुखणं, अंग आंबणं, उलटीसारखं वाटणं, जागं झाल्यावर तासभर गोंधळ. मृत्यूचा धोका एक लाख ट्रीटमेंटमागे साधारण दोन. तोही मुख्यत्वे भुलीचा आणि हृदयाचा.

संमती कुणाची, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. आधी आईंची. त्यांना समजेल अशा भाषेत सांगून, त्या काय म्हणतात ते ऐकायचं. आतडी सडलीत म्हणून उपचार नकोच, अशा भ्रमापायी त्यांना निर्णय घेता येत नसेल, तर कायद्यानं नामनिर्देशित प्रतिनिधी सही करतो. त्यांनी पूर्वी कुणाला नेमलेलं नसेल तर जवळचा नातेवाईक, म्हणजे वडील किंवा तुम्ही. प्रतिनिधीच्या सहीनं दवाखान्यात भरती केलं तर त्यालाही मुदत आणि नोंदणीचे नियम आहेत, ते दवाखान्यानं पाळायचे असतात. आई सुधारायला लागल्या की पुन्हा त्यांनाच विचारायचं. चौथ्या वेळेनंतर ‘आता पुरे’ म्हणाल्या आणि ते समजून-उमजून म्हणत असतील, तर पुरे.

याच यंत्राचा भलताच वापर करणारेही भेटतात, म्हणून कशासाठी नाही तेही सांगतो. दारू सुटावी म्हणून नाही. पोरगं ऐकत नाही, अभ्यास करत नाही म्हणून नाही. सून माहेरी जाते म्हणून तर मुळीच नाही. ही मागणी माझ्याकडे झालेली आहे. मुलाला मुलगेच आवडतात म्हणून त्याला ‘बरं’ करायला जे शॉक देत, ती ईसीटी नव्हेच. जागेपणी दिलेली शिक्षा होती ती, आणि अशा ‘उपचारां’ना २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.

कुठं घ्यायची? सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही, त्यामुळे लोकांना वाटतं शॉक म्हणजे ठाण्याला नेऊन टाकायचं. तसं नाही. भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन, मॉनिटर आणि श्वासाची नळी टाकायची तयारी असलेल्या कुठल्याही नीट नोंदणीकृत ठिकाणी ती होते. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, तिथं चौकशी करा. खाजगीत खर्च ठिकाणाप्रमाणे बदलतो. ‘एका शॉकचे किती’ असं न विचारता भूल, औषधं, खाट धरून पूर्ण कोर्सचा आकडा लिहून घ्या. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीनं धरायचा, असं त्याच कायद्यात आहे. एजंट नाही म्हणाला म्हणून मागे फिरू नका, लेखी मागा.

आठवड्यातून दोन किंवा तीन सकाळी, एकूण साधारण सहा ते बारा वेळा. आईंची तब्येत बघता मी तरी त्यांना निदान सुरुवातीला भरती ठेवीन. पहाटे उपाशीपोटी यावलहून जीपनं आणणं, वाटेत कुणीतरी मायेनं चहा पाजणं आणि मग त्या दिवसाची ट्रीटमेंट रद्द, हा प्रकार नेहमीचा आहे. एकच माणूस कायम बरोबर ठेवा, रोज नवा पाहुणा नको. गावात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ‘भुलीखाली उपचार चालू आहे’ एवढं पुरतं.

मामा कुठल्या देवस्थानाला न्यायचं म्हणत असतील तर न्या, माझी ना नाही. भगताकडे जाऊन आलेले पेशंट मी रोज बघतो आणि त्यावरून कुणाला रागवत नाही. फक्त उपास, जागरण नको, गोळ्या बंद नकोत, आणि त्यासाठी ठरलेली तारीख पुढे ढकलू नका. आणि मामांना जळगावला बरोबरच घेऊन जा. भूलतज्ज्ञांना त्यांच्याच तोंडून विचारू द्या की जागेपणी देतात का.

शेवटचं, आणि हे बहुतेक घरं ऐकून सोडून देतात. ईसीटीनं आई उठून बसल्या, हसल्या, भाकरी थापायला लागल्या की घरच्यांना वाटतं काम झालं. गोळ्या बंद केल्या तर सहा महिन्यांत बहुतेकांचा आजार परत येतो. गोळ्या चालू ठेवूनही वर्षभरात साधारण निम्म्यांना पुन्हा त्रास होतो, बहुतेकांना पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून कोर्सनंतर गोळ्या, ठरलेल्या तारखेला तपासणी, आणि कुणाकुणाला पंधरवड्यातून, मग महिन्यातून एक अशी लांबवत नेलेली ईसीटी लागते. आईंची सुरुवात झोपेपासून झाली होती, तेव्हा पुढे कधी सलग तीन-चार रात्री पहाटे तीनला डोळा उघडायला लागला तर भ्रम परत येईपर्यंत वाट न बघता तेव्हाच दाखवा.

आत्तापर्यंत दिलेल्या गोळ्यांची नावं, त्यांचा डोस, किती दिवस दिल्या, आणि सोडियम-थायरॉइडचे रिपोर्ट झाले असतील तर ते इथं टाका. बघून अजून दोन ओळी लिहीन, पण माझ्या उत्तरासाठी जळगावची खेप लांबवू नका.